सहा संगणक आणि चार कुलपं: डिस्क एन्क्रिप्ट करतानाच्या नोंदी

७ जून

गेल्या आठवड्यात आमच्या गटाचा एक लॅपटॉप प्रवासात गेला. चोरीला गेला की राहून गेला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही सात जण. लोक आमच्याकडे येऊन घरातलं, मनातलं बोलतात आणि त्यांच्या परवानगीने आम्ही ते टिपून ठेवतो. त्या लॅपटॉपवर अशी दोनशेहून जास्त टिपणं होती.

"पासवर्ड होता ना त्याला?" हे सगळ्यांनी विचारलं. होता. म्हणून आज सगळ्यांना बसवून एकदा दाखवलंच. तसाच दुसरा लॅपटॉप घेतला, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि आतली डिस्क उघडली. लॉगिनचा पासवर्ड कुणी विचारलाच नाही. चार मिनिटांत टिपणांचं फोल्डर पडद्यावर होतं. ज्या ताईंनी ती टिपणं लिहिली होती, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दोन गोष्टी ठरल्या. ज्यांची टिपणं गेली त्या प्रत्येकाला फोन करून सांगायचं. आणि उरलेल्या सगळ्या संगणकांच्या डिस्क एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करायच्या. दुसरं काम माझ्याकडे आलं. हे काम पुढे आणखी कुणाला करावं लागेल, त्यांचे दिवस वाचावेत म्हणून चुकांसकट लिहून ठेवतो आहे.

आमचं संकट कोणतं हे आधीच लिहितो, कारण पुढचे निर्णय त्यावरून झाले: बंद असलेला संगणक परक्याच्या हाती पडणं. चालू संगणकात शिरलेल्या व्हायरसला डिस्क एन्क्रिप्शन अडवत नाही. डिस्क एकदा उघडली की ती सगळ्यांनाच उघडी असते.

८ जून

मोजदाद. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

१ आणि २: विंडोज प्रो असलेले लॅपटॉप, दोन्हींत टीपीएम २.० (एन्क्रिप्शनची किल्ली सांभाळणारी) चिप. ३: विंडोज होम असलेला नवा लॅपटॉप. ४: मॅक, ॲपलच्या स्वतःच्या चिपवाला. ५: माझा लिनक्स लॅपटॉप. ६: जुना डेस्कटॉप, २ जीबी मेमरी, टीपीएम नाही, प्रोसेसरमध्ये एईएसच्या (एन्क्रिप्शनच्या एका पद्धतीच्या) खास सूचनाही नाहीत. शिवाय बॅकअपच्या तीन बाहेरच्या डिस्क आणि कपाटाच्या तळाशी सापडलेली आणखी एक. तिच्यावर फक्त '२०१२' लिहिलेलं आहे.

१० जून

आजची आणि कालची संध्याकाळ वाया गेली. एईएस, सर्पंट, टूफिश या एन्क्रिप्शनच्या पद्धतींत कोणती मजबूत, एकावर एक तीन थर द्यावेत का, हे वाचत बसलो. उत्तर असं की आमच्यासाठी काही फरक पडत नाही. बिटलॉकर (विंडोजचं), फाइलव्हॉल्ट (मॅकचं), लक्स (लिनक्सचं) आणि व्हेराक्रिप्ट (तिन्हींवर चालणारं) ही चारही सॉफ्टवेअर काही न बदलता वापरली तर एईएस आणि एक्सटीएस (ते डिस्कवर वापरायची रीत) हीच जोडी देतात. एईएस २००१ पासून प्रमाण आहे, आणि त्याचं गणित फोडून कुणी आमची टिपणं वाचणार नाही. वाचली तर चिठ्ठीवर लिहिलेल्या पासवर्डमुळे वाचतील.

एसएसडीमध्ये (चिपवाल्या डिस्कमध्ये) अंगभूत एन्क्रिप्शन असतं, तेच चालू करावं असाही विचार होता. तो सोडला. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की अनेक नामांकित एसएसडींमध्ये पासवर्ड आणि डेटाची किल्ली यांची नीट सांगडच घातलेली नव्हती. पासवर्ड माहीत नसतानाही डेटा निघत होता. त्या वेळी बिटलॉकरही अशा डिस्कवर विसंबत असे. २०१९ मध्ये ते बदललं आणि सॉफ्टवेअरनेच एन्क्रिप्ट करणं हा मूळ पर्याय झाला. आत काय चाललंय ते ज्यात तपासता येत नाही, अशा कुलपावर मी लोकांची टिपणं सोडणार नाही.

१२ जून

ठरवलं: सगळीकडे एकच सॉफ्टवेअर, व्हेराक्रिप्ट. मोफत आहे, कोड खुला आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. एकदा शिकवलं की सगळ्यांना पुरेल असं वाटलं. (हा निर्णय पुढे मोडला. का, ते १९ जूनच्या नोंदीत.)

सुरुवात '२०१२' डिस्कपासून केली. ती ट्रूक्रिप्टची निघाली. ट्रूक्रिप्ट २००४ साली आलं आणि मे २०१४ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी ते अचानक बंद केलं. वापरू नका, यात न दुरुस्त झालेले दोष असू शकतात, एवढंच सांगून ते गेले. त्याच कोडवरून २०१३ मध्ये व्हेराक्रिप्ट निघालं होतं, म्हणजे जुनी डिस्क उघडायला हवी. पासवर्ड गटातल्या काकांनी वहीत लिहून ठेवला होता. टाकला: चुकीचा पासवर्ड. कॅपिटल, स्मॉल, शून्याच्या जागी ओ, सगळं करून पाहिलं. काकांना तीनदा फोन केला. शेवटी ते म्हणाले, "अरे, मी स्वतः लिहिलाय तो, चुकेल कसा?" त्यांचं बरोबर होतं.

दोष पासवर्डचा नव्हता. व्हेराक्रिप्टच्या १.२६ आवृत्तीपासून ट्रूक्रिप्टच्या डिस्क उघडण्याची सोय काढून टाकली आहे. ती असलेली शेवटची आवृत्ती १.२५.९. ती वेगळ्या संगणकावर घातली, 'ट्रूक्रिप्ट मोड'वर खूण केली, आणि डिस्क पहिल्या झटक्यात उघडली. सगळं आतलं बाहेर काढलं. गेलेला वेळ पाच तास. जुन्या डिस्क असतील तर नवं काहीही घालण्याआधी त्या उघडून रिकाम्या करून घ्या.

१५ जून

क्रमांक १ वर व्हेराक्रिप्टने अख्खी विंडोज डिस्क एन्क्रिप्ट करायला घेतली. हा लॅपटॉप सध्या कुणाकडे नाही, म्हणून प्रयोग यावर.

पासफ्रेजवरून (म्हणजे अनेक शब्दांचा लांब पासवर्ड) पहिली अडचण. ताईंना त्यांच्या आवडीची मराठी ओळ देवनागरीत हवी होती. साध्या कंटेनरला (आत फायली ठेवायची एन्क्रिप्ट केलेली एकच फाइल) व्हेराक्रिप्ट देवनागरी पासवर्ड घेतं. मर्यादा १२८ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा तीन-तीन बाइट खाते, पण चाळीसेक चिन्हं मावतात. मात्र विंडोज चालू होण्याआधी जो पासवर्ड विचारला जातो, त्या टप्प्यावर मराठी कळफलक नसतोच. तिथे साधी रोमन अक्षरं आणि अमेरिकी मांडणी. म्हणजे रोमनमध्ये मराठी लिहायचं. मग 'पाऊस' कसा लिहायचा? एका 'ए'ने की दोनने, 'यू' की दोन 'ओ'? सात जणांनी सात प्रकारे लिहिला. यावरचा उपाय २२ जूनला.

एन्क्रिप्शन सुरू होण्याआधी व्हेराक्रिप्ट बचावाची फाइल देतं. ती झिप उलगडून पेनड्राइव्हवर ठेवायची आणि तपासून घ्यायची. मी झिप त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवली आणि 'तपासणी वगळा'वर खूण केली. पेनड्राइव्ह दुसऱ्या खोलीत होता, इतकंच कारण.

१९ जून

त्याची किंमत आज मोजली. फर्मवेअर (संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, त्याने बूटचा, म्हणजे सुरू होण्याचा, क्रम पुन्हा मुळावर नेला. संगणक व्हेराक्रिप्टच्या बूटलोडरकडे (प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमकडे) न जाता थेट विंडोजच्या बूटलोडरकडे गेला, त्याला पुढे नुसता कचरा दिसला, आणि दुरुस्तीचा निळा पडदा आला. बचावाची फाइल आतच, कुलपाआड.

दुसऱ्या संगणकाला ती डिस्क जोडून, तिथल्या व्हेराक्रिप्टमध्ये 'बूटआधीची तपासणी न करता जोडा' हा पर्याय वापरून डिस्क उघडली. झिप बाहेर काढली, पेनड्राइव्ह तयार केला, त्यावरून बूटलोडर परत बसवला. साडेसहा तास.

डेटा गेला नाही. पण सुटका झाली ती मी तिथे होतो म्हणून. हाच लॅपटॉप ताईंकडे असता, त्या गावोगावी फिरत असत्या, तर? सॉफ्टवेअर निवडताना पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न मी आज विचारला: अडकलेला माणूस, मी जवळ नसताना, फक्त एका कागदाच्या आधाराने आत जाऊ शकेल का? बिटलॉकरमध्ये जाऊ शकतो. राखीव किल्लीचे ४८ आकडे टाकायचे. फाइलव्हॉल्टमध्ये जाऊ शकतो. २४ अक्षरं. लक्समध्ये दुसरा पासफ्रेज घालून ठेवता येतो. व्हेराक्रिप्टच्या सिस्टिम डिस्कसाठी मात्र पेनड्राइव्ह, बूटचा मेनू आणि थोडं धाडस लागतं.

व्हेराक्रिप्टवर माझा रोष नाही. आमच्या माणसांना ते सिस्टिम डिस्कसाठी झेपणारं नाही, एवढंच. निर्णय बदलला: प्रत्येक संगणकाला त्याच्या प्रणालीचं स्वतःचं एन्क्रिप्शन, आणि व्हेराक्रिप्ट फक्त सगळ्यांच्या सामाईक बॅकअप डिस्कवर.

२० जून

क्रमांक १ पूर्ण उघडून (डिक्रिप्ट करून) बिटलॉकर. क्रमांक २ वरही.

बिटलॉकर विचारतं: फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की पूर्ण डिस्क? क्रमांक २ वर घाईत पहिला पर्याय निवडला, वीस मिनिटांत झालं म्हणून बरं वाटलं. रात्री लक्षात आलं. हा लॅपटॉप तीन वर्षं वापरात आहे. पुसलेली टिपणं मोकळ्या जागेत अजून पडून आहेत, आणि नेमकी तीच जागा उघडी राहिली. कोऱ्या डिस्कवर पहिला पर्याय ठीक, वापरलेल्या डिस्कवर पूर्णच हवा. आता 'मॅनेज-बीडीई' या आज्ञेतला मोकळी जागा पुसण्याचा पर्याय चालवला. एसएसडी स्वतःच्या सोयीने डेटा हलवत असते, त्यामुळे हे पुसणं शंभर टक्के असतं असं नाही. पहिल्यांदाच नीट निवडलं असतं तर निदान एक वळसा वाचला असता.

पिनचा प्रश्न. नुसत्या टीपीएमवर बिटलॉकर ठेवलं तर संगणक काही न विचारता लॉगिनपर्यंत येतो. वापरणाऱ्याला सोपं, पण वेगळी टीपीएम चिप असलेल्या लॅपटॉपवर चिप आणि प्रोसेसर यांच्यातल्या तारांवरून किल्ली वाचता येते. २०२४ मध्ये एका संशोधकाने जुन्या लॅपटॉपवर हे रास्पबेरी पाय पिको नावाचं छोटं सर्किट लावून एका मिनिटाच्या आत करून दाखवलं. म्हणून पिन हवाच. तो थेट मिळत नाही. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) जाऊन 'स्टार्टअपला जादा ओळख मागा' हे आधी चालू करावं लागतं. हा पर्याय शोधण्यात चाळीस मिनिटं गेली, कारण सिस्टिम डिस्क, साधी डिस्क आणि काढता येणारी डिस्क यांचे नियम तीन वेगळ्या फोल्डरांत आहेत आणि मी चुकीच्या फोल्डरात होतो.

२२ जून

पासफ्रेज. फाशांनी शब्द निवडायची पद्धत घेतली. रूढ इंग्रजी यादीत ७,७७६ शब्द असतात, पाच फासे टाकून एक शब्द मिळतो. पण आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते इंग्रजी शब्द लक्षात राहिनात. म्हणून स्वतः १,२९६ मराठी शब्दांची यादी केली. चार फाशांना एक शब्द. रोमन स्पेलिंग एकदाच ठरवून छापलं: दीर्घ असो की ऱ्हस्व, स्वर एकदाच लिहायचा. त्यामुळे ज्यांची जोडी लागत होती ते शब्द काढून टाकले, 'दिन' आणि 'दीन'सारखे. दोन संध्याकाळी गेल्या, पण या अख्ख्या कामात सगळ्यात उपयोगी ठरलेला वेळ हाच.

ओळखायला किती अवघड ते बिटांत मोजतात: इंग्रजी यादीतला एक शब्द सुमारे १२.९ बिटांचा, आमचा सुमारे १०.३ बिटांचा. तिकडे सहा शब्द पुरतात, आम्ही सात घेतो. ७२ बिटांच्या आसपास बसतं. शब्द फाशांनीच निवडायचे, हा नियम मोडू दिला नाही. ताईंनी त्यांची आवडती ओळ सोडली. मी कारण सांगितलं: जी ओळ आपल्याला पाठ आहे ती इतरांनाही पाठ असते. त्यांना ते पटलं.

२४ जून

क्रमांक ३, विंडोज होम. इथे बिटलॉकरचा पूर्ण पसारा नाही, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आहे. स्थिती पाहिली: एन्क्रिप्ट झालेलं १०० टक्के. अरे, हे तर आधीच झालेलं! वहीत बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो.

२५ जून

ती खूण खोडली. आज त्याच अहवालाची पुढची ओळ वाचली: संरक्षण बंद. म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. डेटा एन्क्रिप्ट झालेला आहे, पण त्याची किल्ली त्याच डिस्कवर उघडी ठेवलेली आहे. घराला कुलूप लावून किल्ली कुलपातच अडकवून ठेवावी, तसं. वापरणाऱ्याने स्थानिक खात्याने लॉगिन केलं असेल तर गाडी इथेच थांबते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर रिकव्हरी की (अडकल्यावर आत जायची राखीव किल्ली) त्या खात्यात जाते आणि मगच संरक्षण चालू होतं.

गटात यावर वाद झाला. किल्ली दुसऱ्याच्या सर्व्हरवर का ठेवायची? दादा ठाम विरोधात होते, आणि त्यांचा मुद्दा खरा आहे. पण ७ जूनला लिहिलेलं संकट पुन्हा वाचलं: हरवलेला लॅपटॉप. ज्याला तो सापडेल त्याच्याकडे आमचं खातं नसणार. गटाच्या नावाने वेगळं खातं काढलं, दुहेरी ओळख लावली, रिकव्हरी की कागदावर छापली. संरक्षण चालू झालेलं डोळ्यांनी पाहिलं. मगच खूण.

'किती टक्के' यावर थांबू नका. 'संरक्षण चालू की बंद' ही ओळ पाहा.

२६ जून

मॅक. फाइलव्हॉल्ट चालू केलं, दहा मिनिटांत काम संपलं. ॲपलच्या चिपवाल्या मॅकमध्ये डेटा आधीपासूनच हार्डवेअर एन्क्रिप्ट करत असतं. फाइलव्हॉल्ट चालू केल्यावर ती किल्ली वापरणाऱ्याच्या पासवर्डला बांधली जाते, म्हणून तासन्‌तास थांबावं लागत नाही. २४ अक्षरांची रिकव्हरी की कागदावर घेतली.

उठता उठता शेजारी लावलेली टाइम मशीनची (मॅकच्या बॅकअपची) डिस्क दिसली. मॅकवरचं सगळं तिच्यावर, उघडं. फाइलव्हॉल्ट तिला हातही लावत नाही. ती वेगळी एन्क्रिप्ट करावी लागते. केली.

२९ जून

माझा लिनक्स लॅपटॉप आणि जुना डेस्कटॉप. दोन्हींना लक्स. आजचा दिवस सगळ्यात वाईट गेला.

लॅपटॉपचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. डेस्कटॉपसाठीची नवी डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडून तिच्यावर लक्स घालायला बसलो. दोन बाहेरच्या डिस्क एकदम जोडलेल्या. आज्ञेत डिस्कच्या नावाचं शेवटचं अक्षर 'बी'ऐवजी 'सी' टाकलं. क्रिप्टसेटअपने (लक्स घालणाऱ्या प्रोग्रॅमने) स्पष्ट विचारलं, इथला डेटा कायमचा पुसला जाईल, खात्री असेल तर मोठ्या अक्षरांत हो लिहा. लिहिलं. नुकताच घेतलेला बॅकअप गेला.

लॅपटॉपची मूळ डिस्क अजून पुसली नव्हती, म्हणून वाचलो. क्रम उलटा असता तर माझी नऊ वर्षांची कामं आज संपली असती. पुन्हा बॅकअप घ्यायला सहा तास. यापुढचा नियम: अशा कामाला बसताना ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिची वायर काढून ठेवायची. पडद्यावरच्या नावावर विसंबायचं नाही, डिस्कचा आकार आणि सिरियल नंबर जुळवायचे.

१ जुलै

डेस्कटॉप सुरू व्हायला फार वेळ लागत होता. पासफ्रेज टाकल्यावर जवळजवळ अर्धा मिनिट शांतता. आधी वाटलं एईएस सूचना नसलेला प्रोसेसर हळू चालतोय. क्रिप्टसेटअपची वेगचाचणी घेतली. माझ्या लॅपटॉपवर सेकंदाला दोन हजार एमबीच्या आसपास, डेस्कटॉपवर जेमतेम १३०. पण त्यातली फिरती डिस्कच सेकंदाला शंभरेक एमबी देते. म्हणजे रोजच्या कामात हा फरक जाणवायला नको.

कारण वेगळं होतं. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत पासफ्रेजवरून किल्ली काढायला आर्गॉन२ वापरतात. त्याला मुद्दाम भरपूर मेमरी लागते, जेणेकरून कोट्यवधी पासफ्रेज करून पाहणाऱ्याला ते महाग पडावं. किती मेमरी आणि किती फेऱ्या, हे ज्या संगणकावर डिस्क तयार होते त्याच्या ताकदीवरून ठरतं. मी ती माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर तयार केली होती. त्याने एक जीबी मागून ठेवली आणि २ जीबीच्या डेस्कटॉपला धाप लागली. डेस्कटॉपवरच बसून पासफ्रेज बदलला, हिशोब नव्याने झाला, आता तीन सेकंद. डिस्क जिथे राहणार तिथेच पासफ्रेज घाला.

दोन्हींच्या हेडरच्या प्रती काढल्या. लक्समध्ये डिस्कच्या सुरुवातीचा हा छोटा भाग गेला तर पासफ्रेज माहीत असूनही काही हाती लागत नाही. दुसऱ्या आवृत्तीत तो साधारण १६ एमबी असतो. ही प्रत जपून ठेवावी लागते. पुढे कधी पासफ्रेज बदलला तरी जुन्या प्रतीत जुना पासफ्रेज जिवंत असतो, म्हणून बदलल्यावर जुनी प्रत नष्ट करून नवी काढायची.

५ जुलै

सामाईक बॅकअप डिस्क. व्हेराक्रिप्ट, संपूर्ण पार्टिशन (डिस्कचा अख्खा भाग). तिन्ही प्रणालींवर उघडून पाहिली. मॅकवर त्यासाठी मॅकफ्यूज हे जोड सॉफ्टवेअर आधी घालावं लागलं. ठीक चाललं.

११ जुलै

दादांनी डिस्क विंडोजला लावली. विंडोजला त्या पार्टिशनमध्ये ओळखीचं काही दिसत नाही, म्हणून ते विचारतं: वापरण्याआधी फॉरमॅट करायचं का? दादांनी 'हो' म्हटलं. त्यांचा काही दोष नाही. असा प्रश्न पडद्यावर येईल आणि तो बंद करायचा, हे मी सांगायला हवं होतं. मी वर्षानुवर्षं तो न वाचता बंद करत आलो, त्यामुळे तो मला दिसेनासाच झाला होता.

व्हेराक्रिप्ट हेडरची राखीव प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं. 'हेडर परत बसवा' यातून ती वापरली आणि पासफ्रेज चालला. पण फॉरमॅटने सुरुवातीच्या भागावर लिहिलं होतं, त्यामुळे आतली फाइलींची सूची मोडली होती. थोड्या फायली निघाल्या, बाकी दुसऱ्या प्रतीवरून घेतल्या. साडेसात तास.

आता पार्टिशन नाही, फाइल. साध्या एक्सफॅट (तिन्ही प्रणालींना वाचता येणाऱ्या रचनेच्या) डिस्कवर २०० जीबीची एकच कंटेनर फाइल, शेजारी 'आधी हे वाचा' नावाची साधी फाइल. डिस्क लावली की ती ओळखीची दिसते आणि फॉरमॅटचा प्रश्न येत नाही. (फॅट३२ चालणार नाही, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.)

१८ जुलै

सकाळी सातला क्रमांक २ वरून ताईंचा फोन. निळा पडदा, आकडे मागतोय. रात्री मीच दुरून फर्मवेअर अपडेट लावला होता आणि त्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवायला विसरलो. टीपीएमला संगणक बदललेला दिसला, त्याने किल्ली दिली नाही. त्याने त्याचं काम केलं.

माझ्याकडच्या फाइलीत दोन छापील कागद होते, एकावरही संगणकाचं नाव नव्हतं. पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांक असतो. ताईंनी त्यातली पहिली आठ अक्षरं वाचली, त्यावरून कागद जुळवला. मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट फोनवर. एका गटात पाच आणि सहाची अदलाबदल झाली. इथे एक उपयोगी गोष्ट: प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. ताईंनी लिहून घेतलेले गट कॅल्क्युलेटरवर तपासायला लावले आणि चुकीचा गट लगेच सापडला. पंधरा मिनिटांत त्या आत.

त्या दिवशी त्यांना एका मुलीला भेटायचं होतं. वेळेवर पोचल्या. हेच १९ जूनसारखं व्हेराक्रिप्टवर झालं असतं तर पोचल्या नसत्या.

सगळ्या कागदांवर आता संगणकाचं नाव, तारीख आणि ओळख क्रमांक. दोन पाकिटं, दोन वेगळ्या जागी, दोघांकडे.

१९ जुलै

झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, तेव्हा किल्ली मेमरीतच असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मेमरीच्या चिप गार करून, वीज गेल्यानंतरही त्यातून किल्ल्या काढून दाखवल्या होत्या. विंडोज आणि लिनक्सच्या चारही लॅपटॉपवर झाकण मिटलं की हायबरनेट (मेमरीतलं डिस्कवर लिहून पूर्ण बंद). माझ्या लिनक्सवर स्वॅप (मेमरीतलं डिस्कवर लिहायची जागा) लक्सच्या आत आहे ना, ते आधी पाहिलं. नसतं तर मेमरीतलं सगळं उघड्या डिस्कवर लिहिलं गेलं असतं. मॅकच्या मालकाला बाहेर पडताना तो पूर्ण बंद करायची सवय लावायला सांगितलं. उघडायला वीस-तीस सेकंद जास्त लागतात म्हणून तक्रार आली. ऐकून घेतली, सेटिंग बदललं नाही.

२ ऑगस्ट

कवायत. प्रत्येकाने आपला पासवर्ड माहीत नाही असं समजून, फक्त पाकिटातल्या कागदावरून आपल्या संगणकात शिरायचं. मी खोलीबाहेर. बिटलॉकरवाल्या दोघांना 'मॅनेज-बीडीई'ने मुद्दाम रिकव्हरीत टाकलं होतं.

चौघं पार पडले. मॅकच्या २४ अक्षरांत शून्य की ओ यावर अडकायला झालं, म्हणून ती किल्ली वेगळ्या ठळक अक्षरांत पुन्हा छापली. आणि मी स्वतः अडकलो. लक्सचा दुसरा पासफ्रेज मी पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवला होता, आणि पासवर्ड मॅनेजरची फाइल त्याच लॅपटॉपवर. आता तो कागदावर, पाकिटात.

सामाईक कंटेनरही तपासला. दुसऱ्या डिस्कवरची त्याची प्रत उघडली तर आतलं शेवटचं टिपण ११ जुलैचं. तीन आठवड्यांचं काही नाही. व्हेराक्रिप्ट कंटेनरमध्ये बदल झाले तरी फाइलीची तारीख मुद्दाम जुनीच ठेवतं, आणि आमचा बॅकअपचा प्रोग्रॅम तारीख आणि आकार पाहून काय बदललं ते ठरवतो. दोन्ही तशीच, म्हणून त्याने ती फाइल रोज वगळली आणि रोज 'यशस्वी' लिहिलं. सेटिंगमधली 'तारीख जपा' ही खूण सगळ्या संगणकांवर काढली. प्रत नव्याने घेतली, उघडली, आतली तीन टिपणं वाचून पाहिली.

३ ऑगस्ट

एकूण वेळेचा हिशोब वहीवरून: ६१ तास. त्यातले निम्म्याहून जास्त चुका निस्तरण्यात. वरच्या नोंदी हाताशी असत्या तर सहा संगणकांना तीन-चार दिवस पुरले असते.

बाकी राहिलेलं: '२०१२' डिस्क दोनदा पूर्ण पुसायची आहे, काल रात्री पहिली फेरी लावली, अजून चालू आहे. पुढची कवायत २ नोव्हेंबरला, त्या वेळी पाकिटं आपसांत बदलून. हरवलेल्या लॅपटॉपमधल्या टिपणांसाठी करायचे फोन अजून ३८ बाकी आहेत. ते ताई आणि मी वाटून घेतले आहेत.